तारीख उलटली, कळा नाहीत: कोकणातल्या माहेरवाशिणीसाठी आणि तिच्या आईसाठी

तारीख होऊन दोन दिवस गेले की घरात उपायांची रीघ लागते. कुणी एरंडेल आणून ठेवतं, कुणी दुधात तूप घालून पेला हातात देतं, मुंबईहून मावशीचा फोन येतो की अननस खा. यातल्या काही गोष्टी खरोखर थोडी मदत करतात, काही निरुपयोगी आहेत आणि काही बाळाच्या जिवावर बेतू शकतात. खाली त्या वेगवेगळ्या करून मांडल्या आहेत. पायऱ्यांचा क्रम मात्र मोडू नका. पहिल्या तीन पायऱ्या सोडून थेट चौथीवर आलात तर हे वाचण्याचा उपयोग नाही.

१. आधी तारीख खरी आहे का ते बघा

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे पूर्ण ४० आठवडे, ही प्रसूतीची तारीख. सोपा हिशेब असा: पाळीच्या पहिल्या दिवसात ९ महिने आणि ७ दिवस मिळवा. पाळी ८ सप्टेंबर २०२४ ला आली असेल तर तारीख १५ जून २०२५. त्याच हिशेबाने ४१ आठवडे २२ जूनला भरतात आणि ४२ आठवडे २९ जूनला.

आजीचा हिशेब "नऊ महिने नऊ दिवस" असा असतो. तो इंग्रजी महिन्यांनी केला तर दोनच दिवसांचा फरक पडतो. तिथीने, म्हणजे चांद्र महिन्यांनी केला तर बेरीज साधारण २७५ दिवसांची होते आणि घरातल्यांना बाळ पाच दिवस आधीच "उशिरा" वाटू लागतं.

आपल्याकडे पाळीची तारीख सणावरून लक्षात ठेवतात: "गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी." ही खूण चांगली आहे, पण ती त्याच वर्षाच्या कॅलेंडरात शोधा. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. भिंतीवर चुकीच्या वर्षाचं कॅलेंडर असलं तर इथेच ११ दिवसांची चूक होते.

सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे १४ आठवड्यांच्या आत केलेली पहिली सोनोग्राफी. पाळी अनियमित असेल, किंवा पाळीवरून काढलेली तारीख या सोनोग्राफीपेक्षा आठवड्याहून जास्त वेगळी येत असेल, तर सोनोग्राफीची तारीख धरतात.

दोन सापळे इथेच आहेत. पहिला: सातव्या-आठव्या महिन्यात मुंबई-पुण्याहून माहेरी येताना नव्या रिपोर्टांची पिशवी येते आणि पहिली सोनोग्राफी सासरच्या कपाटात राहते. आजच तिचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा, मूळ कागद मागाहून येऊ द्या. दुसरा: नवव्या महिन्याच्या सोनोग्राफीवर छापलेली तारीख बघून "अजून पंधरा दिवस आहेत" म्हणून स्वस्थ बसणं. शेवटच्या महिन्यांत यंत्र बाळाच्या आकारावरून दिवस मोजतं, त्यात तीन आठवड्यांपर्यंत चूक पडू शकते. बाळ बारीक असेल तर तारीख पुढे गेलेली दिसते, आणि नेमक्या अशाच बाळाला थांबणं परवडत नाही.

२. कुणी घरचा कोणताही उपाय करायचा नाही

खालीलपैकी एकही गोष्ट लागू असेल तर चौथी पायरी तुमच्यासाठी नाही. कधी आणि कशा कळा आणायच्या हे डॉक्टरच ठरवतील.

- आधीचं सिझर किंवा गर्भाशयावर झालेलं ऑपरेशन. जुन्या टाक्यांवर जोरकस कळांचा ताण येऊन पिशवी फाटू शकते.
- वार खाली, पिशवीच्या तोंडाशी असणं.
- बाळ पायाळू किंवा आडवं असणं, जुळी असणं.
- बीपी वाढलेलं, पायांबरोबर तोंडावर किंवा हातांवर सूज, मधुमेह, बाळाची वाढ कमी, गर्भजल कमी.
- अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं. या तिन्हींत घरी थांबायचंच नाही, त्याच तासाला दवाखाना गाठा.

३९ आठवडे पुरे होण्याआधीही, रोजचा खजूर सोडला तर, काही करायचं नाही. "लवकर मोकळी होऊ दे" किंवा "मुहूर्त चांगला आहे" म्हणून घाई करू नका. शेवटच्या दोन आठवड्यांत बाळाची फुप्फुसं आणि मेंदू पक्के होत असतात.

३. पिशवीचं तोंड किती तयार आहे ते विचारा

दोन बायकांनी एकच उपाय केला आणि एकीला लागू पडला, दुसरीला नाही, याचं कारण बहुतेक वेळा इथे असतं. तपासणीत डॉक्टर पाच गोष्टी बघतात: तोंड किती उघडलं, किती पातळ झालं, किती मऊ आहे, पुढे आहे की मागे, आणि बाळाचं डोकं किती खाली उतरलंय. या पाचांच्या गुणांना बिशप स्कोअर म्हणतात. एकूण गुण १३. ८ किंवा अधिक आले तर तोंड तयार आहे, ६ किंवा कमी आले तर अजून नाही.

तयार तोंडाला घरच्या उपायांनी थोडा रेटा मिळू शकतो. घट्ट बंद तोंड मात्र काढ्याने आणि चालण्याने उघडत नाही. म्हणून तपासणीनंतर सरळ विचारा: "तोंड मऊ झालंय का? डोकं उतरलंय का?" हे विचारायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

त्याच भेटीत स्वीपिंगबद्दल विचारा. तोंडातून बोट जात असेल तर डॉक्टर आतून बोट गोल फिरवून गर्भाची पिशवी तोंडापासून सैल करतात. त्यातून अंगातच प्रोस्टाग्लँडिन (तोंड मऊ करणारं द्रव्य) तयार होतं आणि पुढे औषधाने कळा आणण्याची गरज कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेचीही याला शिफारस आहे. दुखतं, आणि नंतर दिवसभर थोडे गुलाबी डाग दिसू शकतात, तेवढं चालतं. पाळीसारखं रक्त गेलं तर मात्र परत जा. हे काम डॉक्टर किंवा प्रशिक्षित नर्सनेच करायचं.

४. घरी काय करता येतं

खजूर. सगळ्यात निर्धोक आणि सगळ्यात सोपा उपाय. जॉर्डनमधला २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा: तारखेआधी ४ आठवडे रोज ६ खजूर खाणाऱ्या ६९ बायका आणि न खाणाऱ्या ४५. खाणाऱ्यांत ९६ टक्क्यांना आपोआप कळा आल्या, न खाणाऱ्यांत ७९ टक्क्यांना. अभ्यास लहान होता आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. मुद्दा असा की खजूर ३६व्या आठवड्यापासून रोज खायचा असतो. तारीख उलटल्यावर एका दिवसात पाव किलो संपवून काही होत नाही, फक्त पोट बिघडतं. तीन सकाळी, तीन दुपारी, बिया काढून. साखर वाढलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

चालणं आणि बसणं. चालण्याने कळा सुरू होतात असा पक्का पुरावा नाही, पण उभं राहिल्याने डोकं खाली बसायला मदत होते आणि मनही हलकं होतं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर २० ते ३० मिनिटं पुरेत. पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यावर आणि पाखाडीच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा पडवीतल्या पडवीत चाला. बद्धकोणासनात (तळपाय जुळवून, गुडघे बाजूला टाकून) बसणं, किंवा हातागुडघ्यांवर ओणवं होऊन कंबर हळूहळू वर-खाली करणं, दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं चालेल. "विहिरीचं पाणी ओढ, मूल खाली येईल" हे नको. दमलेल्या अंगाला पुढे खऱ्या कळा सोसायच्या असतात.

स्तनाग्रं चोळणं. घरच्या उपायांत सगळ्यात जास्त जोर यातच आहे, म्हणून सगळ्यात जास्त जपायचंही इथेच. चोळल्याने शरीरातून ऑक्सिटोसिन (कळा आणणारं संप्रेरक) सुटतं. अभ्यासांची एकत्रित पाहणी झाली तेव्हा असं दिसलं की हा उपाय करणाऱ्यांपैकी सुमारे ६३ टक्के बायका तीन दिवसांनंतरही कळांविना होत्या, न करणाऱ्यांत हेच प्रमाण सुमारे ९४ टक्के होतं. फायदा फक्त ज्यांचं तोंड तयार होतं त्यांनाच झाला. डॉक्टरांनी हो म्हटलं तरच करा. एका वेळी एकच बाजू, बोटांना थोडं खोबरेल लावून, बाळाच्या चोखण्यासारखं हळू. कळ आली की हात काढायचा आणि ती पूर्ण ओसरेपर्यंत थांबायचं. कळा तीन मिनिटांच्या आत येऊ लागल्या, किंवा एक कळ दीड मिनिटाच्या पुढे गेली, तर थांबवा आणि दवाखान्यात फोन करा. लागोपाठ कळांत बाळाचा रक्तपुरवठा तुटत राहतो.

नवरा-बायकोचा संबंध. वीर्यात प्रोस्टाग्लँडिन असतं म्हणून हा सल्ला देतात. अभ्यासांत फारसा फरक दिसलेला नाही. पाणी गेलेलं नसेल आणि वार वर असेल तर करायला हरकत नाही, मन नसेल तर सोडून द्या.

अ‍ॅक्युप्रेशर. आतल्या घोट्याच्या हाडापासून स्वतःची चार बोटं वर, नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला एक बिंदू आहे. दुसरा बिंदू हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागात. अंगठ्याने सोसवेल इतका दाब मिनिटभर देऊन सोडायचा, असं काही वेळा. अ‍ॅक्युपंक्चरने तोंड थोडं मऊ होत असल्याची चिन्हं आहेत, सिझर टळतं असं दिसलेलं नाही. तारीख भरण्याआधी हे बिंदू दाबू नका.

पिचू आणि बस्ती. चरकसंहितेत नवव्या महिन्यात मधुर औषधांनी सिद्ध केलेल्या तेलाची अनुवासन बस्ती (गुदद्वारातून तेल देणं) आणि योनीत तेलाचा पिचू (तेलात भिजवलेला कापूस) सांगितला आहे. ही परंपरा जुनी आहे म्हणून ती घरगुती होत नाही. प्रसूतितंत्र जाणणाऱ्या वैद्यांकडूनच, निर्जंतुक कापसाने, आणि तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना सांगून करायची. पाणी जात असताना पिचू ठेवला तर जंतू सरळ आत जातात. घरात कढवलेल्या तेलाचा बोळा तर कधीच नको.

प्रिमरोज तेलाच्या कॅप्सूल डॉक्टर देतात, मैत्रिणीच्या उरलेल्या घेऊ नका. दुधातलं तूप पोटात जातं, गर्भाशयात नाही. बाळ त्यावरून घसरत नाही. चमचाभर आवडीने खा, वाटीभर प्यायलात तर मळमळ तेवढी होईल. अननसाने कळा येतात याला पुरावा नाही.

या सगळ्यांबरोबर पाणी. आपल्या दमट हवेत घामाने अंग कोरडं पडतं आणि त्यातून खोट्या कळा येतात. दिवसभरात शहाळं, मीठ घातलेलं कोकम सरबत, उकड्या तांदळाची पातळ पेज असं चालू ठेवा. लघवी फिकट पिवळी दिसली पाहिजे.

५. हे घरात आणूच नका

एरंडेल. ते काम करतं हे खरं आहे, आणि धोका तिथेच आहे. त्यातलं रिसिनोलिक आम्ल आतड्याला आणि गर्भाशयाला पेशींवरच्या एकाच प्रकारच्या संवेदी जागांवरून (रिसेप्टर) चेतवतं, हे २०१२ साली उंदरांवरच्या संशोधनात दाखवलं गेलं. म्हणून जुलाब आणि कळा एकदमच सुटतात. किती जोराच्या, हे आधी कळत नाही आणि प्यायलेलं परत काढता येत नाही. एका चाचणीत एरंडेल घेतलेल्या प्रत्येक बाईला मळमळ झाली. मे महिन्याच्या उकाड्यात जुलाबांनी गळलेली बाई कळा द्यायला उभी राहत नाही.

"कळांचं इंजेक्शन" घरी. ऑक्सिटोसिन दवाखान्यात सलाइनमधून थेंबाथेंबाने देतात. बाळाचे ठोके खाली आले की बटण फिरवून बंद करता येतं. दंडात टोचलेली सुई बंद करता येत नाही. त्यातून पिशवी फाटते, बाळ गुदमरतं. घरी येऊन हे टोचायला तयार असणाऱ्याला, तो कितीही ओळखीचा असला तरी, दारातून परत पाठवा.

मेडिकलमधून आणलेली गोळी. कळा आणण्यासाठी मिसोप्रोस्टॉल २५ मायक्रोग्रॅम लागतं. दुकानात सर्रास मिळणारी गोळी २०० मायक्रोग्रॅमची असते, म्हणजे आठपट.

पोट चोळून मूल खाली सरकवणं. सुईणबाईंचा हात आणि धीर मोलाचा आहे, कंबरेला तेल त्यांनी जरूर लावावं. पोटावर दाब देऊ नये. वार सुटून आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो.

कच्ची पपई, अनोळखी जडीबुटी, आणि कॉलोफायलमची मुळी किंवा अर्क. कॉलोफायलम ही वनस्पती घेतल्यानंतर नवजात बाळांचं हृदय निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. त्याच नावाच्या होमिओपॅथिक गोळ्यांनी कळा येतात याला पुरेसा पुरावा नाही.

६. ४० ते ४१ आठवडे: रोज काय मोजायचं

रोज एक वेळ ठरवा, जेवणानंतरची. डाव्या कुशीवर पडा. एका वाटीत १० चिंचोके घ्या, बाळ हललं की एक दुसऱ्या वाटीत टाका. दोन तासांत १० पूर्ण झाले पाहिजेत. बहुतेकींचे बरेच लवकर होतात. झाले नाहीत, किंवा रोजच्यापेक्षा हालचाल स्पष्ट कमी वाटली, तर सकाळची वाट न बघता निघा. "दिवस भरले की बाळ शांत होतं" हे खोटं आहे. जागा कमी झाल्याने हालचालींची तऱ्हा बदलते, त्या थांबत नाहीत.

४० आठवड्यांनंतर डॉक्टर एनएसटी करतात (पोटावर पट्टे बांधून साधारण २० मिनिटं ठोक्यांचा आलेख) आणि सोनोग्राफीत पाणी मोजतात. त्या रिपोर्टवर एएफआय (गर्भजलाचं माप) ५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर पाणी कमी आहे, पुन्हा तपासू म्हणून घरी परतू नका.

४१ आठवडे पक्के झाले की उपाय बंद करून दाखल व्हा. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस हीच आहे. स्वीडनमध्ये ४१व्या आठवड्यात कळा आणणं आणि ४२पर्यंत थांबणं यांची तुलना चालू होती. थांबलेल्या गटात ६ बाळं दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही, म्हणून तो अभ्यास वेळेआधी थांबवला गेला. वार म्हातारी होते, पाणी आटतं, बाळ आत शी करतं. कळा आणवून घेणं म्हणजे सिझरच, असंही नाही. तोंड मऊ करायला जेल, गोळी किंवा छोटा फुगा वापरतात, मग सलाइन. तोंड बंद असेल तर यात एक-दोन दिवस जातात. तेवढे दिवस लागणार हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे बाराव्या तासाला "सिझर करून टाका" अशी घाई होत नाही.

७. कागद आणि वाट

एका प्लास्टिकच्या पिशवीत, पाऊस असो वा नसो:

- माता आणि बाल संरक्षण कार्ड
- पहिल्या सोनोग्राफीपासून सगळे रिपोर्ट
- रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, कावीळ बी, साखर
- आधार, रेशन कार्ड, बँक पासबुकाची प्रत
- चालू औषधांची चिठ्ठी

रक्तगट निगेटिव्ह असेल तर पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझर, औषधं, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. गाडीसाठी १०२, तातडीला १०८. आशाताईंचा नंबर घरातल्या दोघांच्या फोनमध्ये तरी असू द्या.

आता वाट. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री सिझर होतं का, भूलतज्ज्ञ असतात का, रक्त मिळतं का, हे आधी जाऊन विचारा. नाही म्हणाले तर थेट रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागचं जिल्हा रुग्णालय धरा, वाटेत रेफर होण्यात तास जातात. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला अशा खाडीपलीकडच्या गावांनी फेरीबोटीची शेवटची फेरी कितीला आहे ते लिहून ठेवावं आणि त्यानंतरचा वळशाचा रस्ता एकदा दिवसा गाडीने मोजावा. जुलैत पूल पाण्याखाली जातो का? गणपतीच्या आठवड्यात महामार्ग तुंबतो का? तुमची तारीख त्या दिवसांत येत असेल आणि दवाखाना तासाहून लांब असेल, तर चार दिवस आधीच तिथे जवळच्या नातलगांकडे मुक्काम हलवा. घर पाखाडीवर असेल तर गाडी दारात येणार नाही. पक्की खुर्ची, दोन वासे, दोरी आणि उचलायला चार माणसं कोण, हे आजच ठरवा.

८. कळा सुरू झाल्या की

खोट्या कळा चाललं की, पाणी प्यालं की, कूस बदलली की विरतात. खऱ्या कळांमधलं अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो, आणि त्या कंबरेतून पुढे येतात. शहरात पाच मिनिटांचं अंतर होईपर्यंत थांबायला सांगतात. आपल्याकडे वाट तासाभराची असेल तर दहा मिनिटांवर निघा. दुसरं बाळंतपण असेल तर त्याहूनही आधी.

पाणी गेलं तर त्याचा रंग बघा. पांढरट किंवा स्वच्छ असेल तर वेळ टिपून निघा. हिरवं-काळपट असेल, किंवा पाण्याबरोबर नाळ हाताला लागली, तर १०८ लावा. नाळ आली असेल तर गाडी येईपर्यंत गुडघे आणि छाती जमिनीला टेकवून, ढुंगण वर करून थांबा.

फोन लावणारा गोंधळतो, म्हणून हे वाक्य रिकाम्या जागा भरून फोनशेजारी चिकटवा: "गाव ___, वाडी ___, खूण ___. पहिलं/दुसरं बाळंतपण. आज ___ आठवडे ___ दिवस. आधी सिझर आहे/नाही. रक्तगट ___. पाणी ___ वाजता गेलं, रंग ___. कळा ___ मिनिटांनी. गाडी पाखाडीखाली थांबेल, आम्ही खुर्चीवरून आणतोय."